घराच्या किमतीचा पूर्वेतिहास आणि सूची क्रमांक दोन

घर घेऊ इच्छिणाऱ्यास पूर्वीचे व्यवहार तपासण्याचा मार्ग नोंदणी अधिनियम, १९०८ ने उपलब्ध करून दिला. कलम ५७ नुसार विहित शुल्क भरणाऱ्या कोणासही स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक एक व त्याच्या सूची पाहता येतात. महाराष्ट्रात 'इंडेक्स टू' म्हणून परिचित असलेल्या सूचीत मोबदलाही नमूद असतो. तथापि हा मोबदला दस्तात लिहिलेला. प्रत्यक्ष दिलेला असेलच असे नाही. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी तो कमी दाखविण्याची प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. तिला आवर घालण्यासाठी १९९५ च्या बाजारमूल्य नियमांन्वये वार्षिक दरपत्रक आले. मोबदला व बाजारमूल्य यांपैकी अधिक रकमेवर शुल्क पडत असल्याने नोंदलेली किंमत दरपत्रकाजवळ घुटमळू लागते. साहजिकच सूचीत दिसणारी वाढ पुष्कळदा बाजाराची नसून शासकीय दराची असते. विक्रेत्याने प्रथम किती मागितले, हे तर दलालाच्या वहीतच राहते.