पुढचे फूल, मागचा डोंगर

पावसाळा सरता सरता कासच्या पठाराचे छायाचित्र कोणत्या ना कोणत्या मासिकात येतेच, आणि त्यात बहुधा खालच्या कडेशी, हात लावावा इतक्या जवळ, तेरड्याची गुलाबी फुले दवासकट उभी असतात व त्यांच्या माथ्यावरून पठाराची कड आणि ढग दूरवर पसरलेले दिसतात. ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गदत्तच वाटावी. परंतु तिलाही कूळ आहे.

चित्रकलेत तिचा एक थोर पूर्वज म्हणजे जपानचा हिरोशिगे. १८५७ साली कामेइदो येथील बागेचे मुद्राचित्र करताना त्याने ‘उमे’ वृक्षाचे खोड अगदी नाकाशी आणून बाग आणि माणसे त्याच्या फांद्यांआड लहान केली. कुंचल्याला जवळदूरचा भेद नसतो. भिंगाला मात्र तो असतो; फूल स्पष्ट करावे तर डोंगर धूसर होतो, डोंगर साधावा तर फूल. भिंगाचे छिद्र अत्यंत बारीक केल्यास दोन्ही साधतात खरे, आणि १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या काही छायाचित्रकारांनी अशाच बारीक छिद्राच्या अंकावरून आपल्या मंडळाचे नाव ‘एफ ६४’ ठेवले. पण प्रकाश कमी आल्याने छिद्र दीर्घकाळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक फुलाची रेषा पुसून टाकते. या मंडळातील ॲन्सल ॲडम्सने १९४४ साली मॅन्झनारहून माउंट विल्यमसन टिपताना पुढे फुलांऐवजी प्रचंड शिळाच घेतल्या. त्याच मॅन्झनारला तेव्हा जपानी वंशाचे सहस्रावधी अमेरिकी नागरिक काटेरी तारांत स्थानबद्ध होते, याचा विसर ते भव्य चित्र पाहताना पडू नये.

दुसरा उपाय फिल्मच्या मोठ्या सुट्या तावांवर चालणाऱ्या, भात्याच्या कॅमेऱ्यात होता. काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवरील उलटी प्रतिमा पाहत भिंगाची फळी किंचित पुढे कलती केली, की स्पष्टतेची पातळी उभी न राहता जमिनीलगत आडवी पसरते आणि पायाशी असलेल्या फुलापासून क्षितिजापर्यंतची भूमी एकदम स्पष्ट होते. ऑस्ट्रियाच्या शाइम्पफ्लुग नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आकाशातून घेतलेली छायाचित्रे सरळ करण्याच्या खटपटीत १९०४ साली जो नियम मांडला, तोच येथे कामी आला.

पुढे फूल, मागे डोंगर या रीतीला घरोघर पोहोचवण्याचे मोठे श्रेय, आश्चर्य वाटेल, पण एका सरकारी खात्याच्या मासिकास आहे. ॲरिझोना राज्याच्या रस्तेखात्याने १९२५ साली ‘ॲरिझोना हायवेज’ काढले तेव्हा त्यात रस्तेबांधणीचाच मजकूर असे. १९३८ साली रेमंड कार्लसन संपादक झाला, त्याने मासिकाचा कायापालट केला, आणि डिसेंबर १९४६ चा अंक तर आरंभापासून अखेरपर्यंत रंगीत निघाला. बव्हेरियातून आलेला जोसेफ म्यूंच मॉन्युमेंट व्हॅलीची छायाचित्रे येथे देई. त्याचा पुत्र डेव्हिड १९५५ साली, विशीही न ओलांडता, मुखपृष्ठावर आला. वाळूवरच्या लाटा किंवा एखादे रानफूल पुढ्यात मोठे करून त्यामागे सारा प्रदेश उभा करण्याची पित्याच्याही पुढे गेलेली त्याची रीत पुढे ‘जवळ-दूर’ म्हणूनच ओळखली गेली.

या रीतीत फुलाच्या उंचीवर यावेच लागते, म्हणून माणूस गुडघे टेकतो, आडवा होतो. कासची फुले जांभ्या खडकावरच्या अगदी पातळ मातीच्या थरावर उभी असतात. म्हणून वाचकांपैकी जे कॅमेरा घेऊन तेथे जातील, त्यांनी आखलेल्या वाटेवरच गुडघे टेकावेत.