तीन सेनेट हॉल आणि देखभालीचा हिशेब

भारतातील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ या एकाच वर्षी जन्माला आली. जानेवारीत कलकत्ता, जुलैत मुंबई आणि सप्टेंबरात मद्रास. उत्तर हिंदुस्थान उठावाने पेटलेला असतानाही विद्यापीठांचे कायदे संमत होत राहिले, ही गोष्ट त्या काळच्या राज्ययंत्रणेविषयी बरेच काही सांगून जाते. या विद्यापीठांचा आराखडा १८५४ च्या वुडच्या खलित्यात होता आणि नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे; विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या. साहजिकच या विद्यापीठांना वर्गखोल्यांची निकड नव्हती. त्यांना हवे होते पदवीदानासाठी एक भव्य सभागृह. ‘सेनेट हाऊस’ ही वास्तू अशा रीतीने एका प्रशासकीय गरजेतून उभी राहिली. १८७० च्या दशकात तिन्ही शहरांत अशी सभागृहे बांधून झाली. पुढे मात्र त्यांची नशिबे वेगवेगळी निघाली.

चेन्नईला नोकरीनिमित्त असलेला मराठी माणूस मरिना किनाऱ्यावर जातोच. समुद्राकडे पाठ केली की रस्त्यापलीकडे, चेपॉक भागात, लाल विटांची आणि चार कोपऱ्यांवर घुमटाकार मनोरे असलेली एक इमारत दिसते. हेच मद्रास विद्यापीठाचे सेनेट हाऊस. ते १८७४ ते १८७९ या काळात बांधले गेले. वास्तुकार होते रॉबर्ट फेलोज चिझम. शेजारी अर्काटच्या नवाबांचा चेपॉक राजवाडा असल्याने त्याच्याशी जुळेल अशी शैली त्यांनी निवडली. कमानी व घुमट इस्लामी वळणाचे, काही अंगे बायझंटाइन धर्तीची आणि सभागृहाची मांडणी युरोपीय, असा हा मेळ आहे. ‘इंडो-सारासेनिक’ म्हणून पुढे देशभर पसरलेल्या शैलीचे हे सुरुवातीच्या आणि उत्तम उदाहरणांपैकी एक मानले जाते. आत शिरल्यावर उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या आणि भिंतींवरील रंगकाम पाहून नजर वरच खिळते. पाहायला जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या कार्यालयाची परवानगी आधीच घेतलेली बरी.

चिझम यांचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नसावे. पुढे ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात गेले. मेजर मँट यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम त्यांनी पुरे केले आणि बडोदा कॉलेजची प्रचंड घुमटाची इमारतही त्यांचीच.

मद्रासच्या सेनेट हाऊसने केवळ पदवीदान समारंभ पाहिले नाहीत. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि राजगोपालाचारींचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा नव्या विधानसभेची आरंभीची अधिवेशने याच वास्तूत भरली. इतका इतिहास पाठीशी असूनही ही इमारत नंतर कित्येक वर्षे उपेक्षित राहिली. २००६-०७ मध्ये विद्यापीठाचे दीडशेवे वर्ष जवळ आले, तेव्हा तिचा जीर्णोद्धार झाला.

आता कलकत्त्याकडे वळू. तेथील सेनेट हाऊस वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी रचले आणि ते १८७२ साली पूर्ण झाले. उंच ग्रीक धर्तीच्या खांबांची ती वास्तू कॉलेज स्ट्रीटची ओळख होती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी येथेच पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन बचावले, बीना दास तुरुंगात गेल्या. त्यांची रोखून धरलेली पदवी विद्यापीठाने २०१२ साली मरणोत्तर बहाल केली. पण ज्या सभागृहात तो प्रसंग घडला, ते तोवर नाहीसे होऊन पाच दशके उलटली होती. १९६० साली ते पाडण्यात आले आणि त्या जागी विद्यापीठाच्या शताब्दीची स्मारक इमारत उभी राहिली. शंभर वर्षांचा उत्सव करण्यासाठी त्या शंभर वर्षांची सर्वात बोलकी साक्ष पुसली गेली.

हा निर्णय घेणारे लोक अडाणी किंवा दुष्ट नव्हते. जागा अपुरी होती, विद्यार्थी वाढत होते. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. त्यानुसार स्मारक किमान शंभर वर्षांचे असावे लागते. पाडले त्या वेळी सेनेट हाऊसचे वय होते अठ्ठ्याऐंशी. मधल्या वयातील इमारतींना कोणी वाली नसतो, हे प्रशासनात काम केलेल्यांना चांगले ठाऊक आहे. त्या वापरण्यास जुन्या असतात आणि जपण्यास नव्या.

मुंबईची कथा तुलनेने सुखाची. गिल्बर्ट स्कॉट यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवता आराखडे पाठवले. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह झाले आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय व राजाबाई टॉवर. येथे १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, टॉवर व ग्रंथालयाच्या दुरुस्तीस एका उद्योगसमूहाचा निधी मिळाला आणि २०१८ मध्ये हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला.

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. इमारत वाचते ती तिच्या सौंदर्यामुळे नव्हे. ती वाचते नियमामुळे, दरवर्षीच्या तरतुदीमुळे आणि जबाबदार माणसामुळे. समारंभाच्या वर्षी कोट्यवधी मिळतात आणि पुढची वीस वर्षे गच्चीची पन्हाळी साफ करायला पैसे नसतात. कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवते. ते पहिल्या पावसाळ्यात हाताने उपटता येते. दहाव्या वर्षी त्यासाठी भिंत उतरवावी लागते. त्यात सर्वात कमी दराची निविदा स्वीकारली की चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढतो, ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात.

म्हणून प्रत्येक जुन्या विद्यापीठाने तीन गोष्टी कराव्यात असे वाटते. पहिली, वारसा इमारतींच्या देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष अंदाजपत्रकात असावे आणि ती रक्कम अन्यत्र वळवू नये. दुसरी, दर पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करून नोंदवहीत सही करणारा एक अभियंता नेमलेला असावा. तिसरी, सभागृह कुलूपबंद न ठेवता व्याख्याने, परीक्षा, संगीतसभा यांसाठी वापरात ठेवावे. कारण वापरातल्या छताची गळती त्याच दिवशी कळते, बंद छताची मात्र छत कोसळल्यावर.

यापैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. कुलसचिवांच्या टेबलावरील एक टिप्पणी आणि वित्त समितीची मंजुरी एवढे पुरेसे आहे.