तार कोणाची? २००४ चा निर्णय आणि गच्चीवरचं जाळं

आजचा भाग तुम्ही घरच्या वायफायवर ऐकत असाल, तर एक प्रश्न. ही तार तुमच्या घरात आली कुठून? अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही विचारा, बऱ्याच जणांचं उत्तर असेल, "गच्चीवरून, केबलवाल्याने टाकली." पण लँडलाइनची तांब्याची तार तर बिल्डिंगमध्ये आधीपासूनच होती की! मग इंटरनेट गच्चीवरून का आलं?

थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पहिल्या शहरांत मुंबई होतीच. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. आता गंमत बघा. डायलअप म्हणजे शेवटी एक साधा फोन कॉल. तार एमटीएनएलची असली, तरी नंबर कुठल्याही इंटरनेट कंपनीचा लावता यायचा. तार आपोआपच सगळ्यांना खुली होती.

डीएसएल आलं आणि हे बदललं. त्याच तांब्याच्या तारेवर जास्त वेग मिळतो, पण त्यासाठी तारेच्या दुसऱ्या टोकाला, टेलिफोन एक्स्चेंजजवळ, वेगळं यंत्र जोडावं लागतं. म्हणजे एक्स्चेंजची किल्ली ज्याच्याकडे, ब्रॉडबँड त्याच्याकडे.

ही अडचण ट्रायने ओळखली होती. एप्रिल २००४ मध्ये त्यांनी शिफारस केली की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. याला लोकल लूप अनबंडलिंग म्हणतात. नाव जड आहे, कल्पना सोपी. उपनगरात विजेच्या बाबतीत पुढे हेच झालं. २००९ पासून तेव्हाच्या रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज घ्यायची सोय झाली. तार एकाची, वीज दुसऱ्याची, आणि तारेचं भाडं बिलात 'व्हीलिंग चार्ज' म्हणून. जपानने तर हे इंटरनेटसाठी आधीच करून दाखवलं होतं. २००१ मध्ये तिथे याहू बीबीने एनटीटीच्या तारांवरून स्वस्त ब्रॉडबँड विकायला सुरुवात केली आणि सगळ्यांनाच दर उतरवावे लागले.

आपल्याकडे १४ ऑक्टोबर २००४ ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. त्यात ही शिफारस सक्तीची झाली नाही. कंपन्यांनी आपापसात करार करावेत, एवढंच म्हटलं. आता मला सांगा, ज्याच्याकडे तार आहे, तो प्रतिस्पर्ध्याला ती आपणहून कशाला देईल?

याच धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली: किमान २५६ केबीपीएस. हिशेब करा, ४ एमबीचा एक फोटो यायला दोन मिनिटांहून जास्त! लक्ष्य मात्र मोठं होतं, २०१० पर्यंत २ कोटी ग्राहक. प्रत्यक्षात डिसेंबर २०१० ला आकडा होता सुमारे १ कोटी १० लाख. याला तार हे एकच कारण नव्हतं. कॉम्प्युटरही महाग होते. पण अनेक कंपन्यांना एका तारेवर स्पर्धा करू दिली असती, तर काय झालं असतं, हे आपण करून पाहिलंच नाही.

ती जागा केबलवाल्यांनी भरली. त्यांच्याकडे एक्स्चेंज नव्हतं, पण गच्च्या होत्या, ओळखी होत्या, आणि घरोघरी जाऊन पैसे गोळा करणारा माणूस होता. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबल, पाण्याच्या टाकीजवळ एका डब्यात स्विच, तिथून खिडकीतून घरात. माझ्या लहानपणी आमच्या बिल्डिंगमध्येही असंच होतं. संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की पेज उघडेना, आणि जोराचा पाऊस आला की डबा बंद. तरीही एक इंजिनिअर म्हणून सांगतो, धोरणातून सुटलेली शेवटची शंभर मीटर तार या लोकांनी ओढली, हे काही छोटं काम नाही.

हा इतिहास आज का सांगतोय? तांबं गेलं, फायबर आलं. २०२३ मध्ये व्याख्याही २ एमबीपीएस झाली. पण प्रश्न तोच आहे, फक्त एक्स्चेंजच्या दारातून सोसायटीच्या दारात आलाय. अनेक नव्या टॉवर्समध्ये बिल्डर किंवा कमिटी एकाच कंपनीला डक्ट वापरू देते. मग जाहिरातीत दहा प्लॅन दिसतात, घरात येतो एकच. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी रेटिंग द्यायचे नियम आणले, ते याच वाटेवरचं एक पाऊल आहे. पण नियम दिल्लीत होतात, डक्टची किल्ली मात्र आपल्या सेक्रेटरीकडे असते.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला जा. पार्किंगवरचं भांडण संपलं की एवढंच विचारा: आपल्या डक्टमधून किती कंपन्यांना तार टाकता येते, आणि हे कोणी ठरवलं? उत्तर मिळालं की मला कळवा. भेटू पुढच्या भागात.