ओसाकाचा तेन्जिन उत्सव

जपानातील ओसाका नगरीत दरवर्षी जुलैच्या २४ व २५ तारखांस तेन्जिन देवाचा उत्सव भरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमारे ३,००० माणसांची मिरवणूक जुन्या दरबारी वेषात देवळातून निघते. संध्याकाळी देवाची पालखी नावेत चढते, सुमारे शंभर नावा ओकावा नदीतून चालू लागतात आणि अंधार पडताच देवाला वाहिलेले दारूकाम आकाश उजळून टाकते. हा सोहळा पाहणाऱ्यास सहसा वाटणार नाही की, त्याच्या मुळाशी एका निरपराध माणसावर झालेला अन्याय आहे.

सुगावारा नो मिचिझाने हा तो पुरुष. इ. स. ८४५ मध्ये विद्वानांच्या कुळात तो जन्मला. केवळ विद्येच्या बळावर तो ८९९ साली ‘उजवा मंत्री’ या श्रेष्ठ पदास पोहोचला. मंत्रिपदे ही आपल्या घराण्याची मिरास मानणाऱ्या फुजिवारांना हे कसे सोसावे? त्याच्यावर राजद्रोहाचा आळ आला, आणि ९०१ साली त्याची रवानगी दूर क्यूशू बेटावरील दाझाइफू येथे झाली. दोन वर्षांनी तेथेच त्याचा अंत झाला.

पुढे ९०९ साली त्याचा प्रतिस्पर्धी तोकिहिरा ऐन उमेदीत वारला. ९३० साली क्योतोच्या राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी माणसे मृत्यू पावली व काही महिन्यांतच सम्राट दाइगोही निवर्तला. मिचिझानेचा आत्माच कोपला आहे, अशी लोकांची खात्री झाली. जिवंतपणी ज्याला न्याय मिळाला नाही, त्याची मरणोत्तर पदे परत आली, देवळे उभी राहिली. ओसाकाचे देऊळ ९४९ सालचे, असे परंपरा सांगते.

काळ लोटला तसे भय ओसरले. विजेचा देव विद्येचा देव झाला. आज परीक्षेपूर्वी जपानी विद्यार्थी त्याच्यापुढे हात जोडतात. महायुद्धाने उत्सवात खंड पाडला. २०२० पासूनच्या साथीनेही मिरवणूक थांबवली, ती २०२३ साली पूर्ववत निघाली.

दरबाराने मिचिझानेला नगराबाहेर धाडले होते. ओसाकाची प्रजा त्याला दरवर्षी वाजतगाजत नगरातून नेते आणि पुन्हा त्याच्या घरी आणून पोहोचवते.