श्लाइसहाइम : राजवाडा आणि त्याचा शेजारी

राजवाडे आणि विमानतळ हे दोन विषय एका व्याख्यानात कसे बसवावयाचे, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. आम्हांलाही प्रथम ती आली होती. तिचे उत्तर दक्षिण जर्मनीतील एका गावात सापडते. बव्हेरियाची राजधानी म्यूनिक. तिच्या उत्तरेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर श्लाइसहाइम. तेथे एक भव्य राजवाडा आहे आणि त्याच्या दक्षिणेस अगदी लागून विमानतळ.

सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या राजांस ‘इलेक्टर’ म्हणत. बव्हेरियाचा माक्स एमान्युएल हा त्यांपैकी एक. तुर्कांशी लढून त्याने नाव मिळविले, १६८८ साली बेलग्रेड घेतले. सम्राट लिओपोल्ड हा त्याचा सासरा. स्पेनच्या निपुत्रिक राजाने याच माक्सच्या लहानग्या मुलास आपला वारस नेमले होते. परंतु १६९९ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, तो मुलगा दगावला. मुलगा गेला, बापाची महत्त्वाकांक्षा मात्र गेली नाही. सम्राटपदाला शोभेल असा चौसोपी वाडा उठवावा म्हणून १७०१ साली त्याने एन्रिको झुकाली या वास्तुकाराकरवी काम सुरू केले. घाई इतकी, की पाया पुरेसा खोल घेतला गेला नाही आणि पुढच्याच वर्षी बांधकामाचा काही भाग कोसळला!

या घाईची खरी किंमत राजाने दिली नाही, रयतेने दिली. फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरलेला माक्स १७०४ साली ब्लेनहाइमच्या लढाईत पराभूत झाला आणि परदेशी पळाला. बव्हेरियावर ऑस्ट्रियाचा अंमल बसला. कर वाढले, तरुणांची सक्तीने सैन्यभरती होऊ लागली. शेतकऱ्यांनी बंड केले. १७०५ च्या नाताळात म्यूनिकजवळ झेंडलिंग येथे त्यांपैकी हजाराहून अधिक माणसे कापली गेली. राजवाड्याची वर्णने करणारे लेखक या प्रसंगाशी फारसे थांबत नाहीत. आम्हांस मात्र तो भित्तिचित्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१७१५ साली माक्स परतला, आणि १७१९ मध्ये योझेफ एफ्नरच्या हाती काम पुन्हा सुरू झाले. चौसोपीपैकी उभा राहिला तो एकच सोपा. तोही सामान्य नव्हे. त्याच्या छतांवर आझाम, आमिगोनी यांसारख्या नामवंतांनी चित्रे काढली. विजयांची चित्रे लावलेले एक दालनही आहे. त्यात तुर्कांवरील विजय आहेत, ब्लेनहाइम अर्थातच नाही. १७२६ साली राजा वारला. मुख्य जिन्याला संगमरवर लागला तो त्यानंतर एकशे वीस वर्षांनी.

अशा रीतीने वाड्याभोवतीची सपाट, मोकळी जमीन तशीच राहिली. १९१२ साली बव्हेरियाच्या राजसैन्याने आपले विमानदल येथे आणले. तेव्हाच्या नाजूक विमानांस हवे होते ते सपाट माळरान आणि राजधानीचा शेजार, आणि येथे दोन्ही होते. सरदारी महत्त्वाकांक्षेने अडवून ठेवलेला मुलूखच वैमानिकांच्या कामी आला, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीस लष्करी विमाने ठेवण्याची बंदी केली आणि येथील बऱ्याच विमानशाळा पाडण्यात आल्या. पुढे नागरी वैमानिकांची शाळा म्हणून जी उघडली, तिच्या आडून लष्करी वैमानिकही तयार होऊ लागले. १९३५ नंतर तर आडोशाचीही गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात या विमानतळावर बॉम्ब पडले, आणि शेजारधर्म म्हणून म्हणा, राजवाड्याचीही हानी झाली. दोनशे वर्षे ज्या वाड्याकडे कोणा शत्रूने लक्ष दिले नव्हते, त्याला या शेजारामुळे ते भोगावे लागले.

युद्धानंतर अमेरिकन सैन्य येथे आले, ते १९७३ पर्यंत राहिले. मधल्या काळात, १९५७ च्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या चित्रपटात हाच राजवाडा फ्रेंच सेनापतींचे ठाणे म्हणून दाखविला गेला. एकदा तरी त्याला विजयी बाजूची भूमिका मिळाली! हौशी वैमानिकांची लहान विमाने या धावपट्टीवरून आजही उडतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात उभारलेली विमान-दुरुस्तीची जुनी इमारत बरीच वर्षे मोडकळीस आली होती. ती दुरुस्त करून १९९२ साली जर्मन म्यूझियमने तेथे विमानांचे प्रदर्शन उघडले. राजवाड्याच्या बागेतून तेथे चालत जाता येते.