आपल्या झेंड्यातला हिरवा कोणाचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

२६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडा उलटा फडकला. दोरी ओढली, फुलं पडली आणि बघतो तर वर हिरवा, खाली केशरी. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आत लक्षात आलं, झेंडा उतरवून सरळ केला आणि पुन्हा चढवला. दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात मागून एक वाक्य आलं, "हिरवा वर कसा गेला ते कळतंय की!" दरवर्षी खांबाचं काम करून देणारा आमचा इलेक्ट्रिशियन मुसलमान आहे. तो तिथेच उभा होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घालून गाठ सोडत राहिला.

आता खरं सांगतो. आदल्या रात्री झेंड्याला दोरी ओवून, घडी घालून त्याच्या हातात मीच दिली होती. चूक माझी होती. आणि ते वाक्य ऐकून मी गप्प बसलो.

संध्याकाळी आमच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा विचारतो, "काका, केशरी आपला, हिरवा त्यांचा आणि पांढरा बाकीच्यांचा, असंच ना?" मी नुसतं "नाही रे" म्हणालो. त्याला नीट उत्तर द्यायचं राहिलंय, ते आज देतो.

सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच करू. टेंभी नाक्यावरून चालत जाता येईल अशा अंतरावर सेंट्रल जेल आहे. ते मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला तेव्हा त्यांचं निशाण पांढरं होतं, त्यावर त्यांच्या राजाचं मुकुटासकट राजचिन्ह. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि भगवा चढला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला. तेव्हाच्या युनियन जॅकमध्ये क्रॉस दोनच होते, इंग्लंडचा आणि स्कॉटलंडचा. आयर्लंडचा तिरपा लाल क्रॉस त्यात १८०१ साली आला. परक्यांची निशाणं सांगायची की इथला मालक कोण. भगवा स्वराज्याचा, म्हणून आपला वाटला. पण सगळ्या देशाने मिळून ठरवलेला झेंडा अजून कुणी पाहिला नव्हता. याच जेलमध्ये १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले, तेव्हाही तो नव्हता.

प्रयत्न मात्र सुरू झाले होते. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. कामाबाई मुंबईच्या पारशी. टेंभी नाक्यावरच्या अग्यारीपुढून जाताना मला त्यांची आठवण येते. त्यांचा झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलाय, जमलं तर मुलांना दाखवा. तीन पट्टे, मधल्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', खालच्या लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. आणि सगळ्यात वरचा पट्टा कोणता? हिरवा. त्यावर कमळं.

आता १९२१. बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा झेंडा दाखवला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. बाकीच्यांसाठी पांढरा घाला आणि मध्ये चरखा ठेवा, असं गांधीजींनी सुचवलं. त्या झेंड्यात पांढरा वर, हिरवा मध्ये आणि लाल खाली होता. म्हणजे आमच्या त्या मुलाने ऐकलेलं अगदीच हवेतलं नाही. सुरुवातीला रंगांची वाटणी तशीच होती. गोष्ट तिथे थांबली नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

१९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायला सरकारने बंदी घातली, म्हणून रोज तुकड्या निघायच्या आणि पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज आत गेले, विनोबा आत गेले, मग वल्लभभाईंनी सूत्रं हातात घेतली. एका रस्त्यावरून झेंडा नेता यावा एवढ्यासाठी देशभरातून माणसं नागपूरला येऊन तुरुंगात गेली.

पण झेंडा लाडका झाला तसे वाटेकरीही वाढले. पांढऱ्यात 'बाकीचे' म्हणून मोजलं जाणं शिखांना मान्य नव्हतं, त्यांना आपला रंग हवा होता. ते चूक नव्हतेच. वाटण्या सुरू केल्या की पट्टे किती लावणार? म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. त्यात वल्लभभाई, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकरही होते. या समितीने सुचवलं काय, तर अख्खा झेंडा केशरी आणि त्यावर चरखा! मौलाना आझाद आणि तारासिंग ज्या समितीत होते, तिची ही शिफारस. केशरी रंग एका धर्माचा, असं त्या टेबलावर कुणी धरून बसलं नव्हतं.

ती शिफारस मान्य झाली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला आणि ठरावातच स्पष्ट केलं की रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. दहा वर्षांपूर्वीची वाटणी विचार करून, लेखी मोडली.

हाच झेंडा हातात धरून ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता गोळी खाऊन पडला. वय वर्षं पंधरा. आमच्या सातवीतल्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा.

१९४७ साली राजेंद्रबाबूंच्या अध्यक्षतेखाली झेंडा समिती नेमली, तिच्यात बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलैला घटना समितीने तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी सारनाथचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. एक कारण अगदी व्यवहाराचं, नेहरूंनीच सांगितलेलं: चरखा एका बाजूने पाहिला तर एक दिसतो, दुसऱ्या बाजूने उलटा. चक्र दोन्हीकडून सारखंच. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ सांगितला तो मातीशी, झाडापानांशी असलेल्या नात्याचा. म्हणजे हिरवा शेतकऱ्याचा म्हणा हवं तर.

जगात धर्मावरून रंग वाटलेले झेंडे आहेत. आयर्लंडचा हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, मधला पांढरा दोघांतल्या शांततेचा. पाकिस्तानच्या झेंड्यात पांढरी पट्टी अल्पसंख्याकांची. हेतू वाईट नाही, पण पट्टी वेगळी काढली की माणूसही वेगळा दिसतो. आपल्याकडे कुणाच्याच नावावर पट्टा नाही. त्यामुळे 'तुमचा पट्टा खाली, आमचा वर' हे भांडणच उरत नाही.

मग उलटा झेंडा चालतो का? अजिबात नाही. केशरी वरच हवा, फ्लॅग कोडमध्ये तसं स्पष्ट आहे. पण उलटा लागला तर ती दोरी ओवणाऱ्याची चूक, आणि आमच्याकडे तो मी होतो. दोन दिवसांनी इलेक्ट्रिशियनच्या दुकानात जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मला माहीत होतं. घडी तुमच्याच हातची होती." माहीत असून सगळ्यांदेखत त्याने माझं नाव घेतलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी त्याच रात्री लिहिलं. अंगठे बरेच आले. ते वाक्य बोलणाऱ्याचा आला नाही.

दोन विनंत्या. कागदी झेंडे रस्त्यावर पडलेले दिसले तर उचला. खराब झालेला झेंडा कचऱ्यात टाकू नका, एकांतात, मानाने जाळून नष्ट करा, नियम तसाच आहे. आणि घरातलं पोर विचारेल की हिरवा कोणाचा, तर माझ्यासारखं "नाही रे" म्हणून सोडून देऊ नका. पाच मिनिटं बसा आणि १९२१ नंतर १९३१ झालं होतं, हे त्याला सांगा.

१५ ऑगस्टला दोरी मी ओवणार नाही. तो ओवणार आहे, मी शेजारी उभा राहून शिकणार आहे. ठाणेकरांनो, सकाळी या.