वैनगंगेचा पूर आणि बालाघाटची मैदानं: दोन्ही कामांचा विचार एकत्र का हवा?

बालाघाट शहर वैनगंगेच्या काठावर वसलेलं. पूल ओलांडला की गर्रा, पुढे वारासिवनी. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बालाघाटातून पुढे गोंदिया, भंडाऱ्याकडे जाते. म्हणूनच इकडे पाणी चढलं की तिकडच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात.

पाणी येतं कुठून?

वरच्या बाजूला सिवनी जिल्ह्यात भीमगडचं संजय सरोवर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी केवलारी, ढुटी बंधारा करत बालाघाटला पोहोचतं. पुढे गोंदियाच्या सीमेवरची बाघ नदी आणि मग बावनथडी तिला मिळते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी हेच घडलं. मध्य प्रदेशात जोराचा पाऊस, धरणातून विसर्ग, आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले.

केंद्रीय जल आयोग केवलारी, कुम्हारी आणि बाघ नदीवर राजेगाव इथे पाण्याची पातळी मोजतो. वरच्या केंद्राचा आकडा खालच्या गावाला वेळेत कळला, तर सामान हलवायला काही तास मिळतात. पूरतयारीचा अर्धा भाग हाच. उरलेला अर्धा शहरात असतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलटं वस्तीत फिरतं. त्यामुळे नालेसफाई पावसाआधीच व्हायला हवी.

यात मैदानाचा काय संबंध?

घर सोडलेल्या माणसांना जागा लागते. ट्रक, नावा, धान्य उतरवायलाही मोकळी जागा लागते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी प्रशासन जागा आणि वाहनं ताब्यात घेऊ शकतं. मुलना स्टेडियमसारखी मैदानं, शाळांची पटांगणं अशा वेळी आधी आठवतात. पण आठवणं वेगळं आणि तयार असणं वेगळं.

म्हणून कुठल्याही मैदानावर खर्च करण्याआधी एक गोष्ट ठरवावी. हे मैदान पुरात लोकांना जागा देणार की पाण्याला?

- उंचावरचं मैदान: इथे पक्का हॉल, महिलांसाठी वेगळी शौचालयं, पाण्याची टाकी आणि उंचावर बसवलेला वीज बोर्ड हवा. खेळाडूंना हे वर्षभर लागतं, पूरग्रस्तांना चार दिवस.
- सखल मैदान: इथे निवारा ठेवूच नये. भराव टाकून ते उंच केलं तर तिथलं पाणी शेजारच्या घरात जाणार. त्यापेक्षा पावसाचं पाणी काही तास थांबू द्यावं आणि नालीने हळूहळू काढावं.
- कृत्रिम गवताचं मैदान: यावर ट्रक किंवा चुली नकोत, एका पुरात लाखोंचा खर्च वाया जाईल. वाहनांसाठी बाजूला वेगळी जागा राखावी.

आपण काय विचारावं?

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्ह्याची योजना दरवर्षी तपासणं कायद्यातच आहे. त्या योजनेत आपल्या वॉर्डाचं निवारा केंद्र कोणतं, किल्ली कोणाकडे, तिथपर्यंतचा रस्ता पाण्याखाली जातो का, हे नगरसेवकाला पावसाआधी विचारा. संकटात ११२ लावा.

मैदान रोज खेळतं राहिलं तर त्याचं कुलूप, नळ, दिवे चालू राहतात. बंद पडलेला हॉल पुराच्या रात्री उघडला तरी उपयोगाचा नसतो.